ठोके चांगले आहेत

हे माझ्या मुलीलाही ठाऊक नाही. नवऱ्याला नव्हतं, आणि आता तो नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — बरं आहे ते.

चांदवड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. आता निवृत्त होऊन नाशकात, द्वारका सर्कलजवळ मुलीकडे राहते. गावात मला सगळे बाई म्हणायचे. बाईंचा हात हलका, बाईंना नुसतं पोट बघून कळतं — असं कौतुक. कौतुक वाईट हो. माणूस त्यालाच जपत बसतो.

गरोदर बाईच्या पोटावर नळकांडं टेकवायचं, कान लावायचा, बाळाचे ठोके ऐकायचे — माझं रोजचं काम. शेवटची काही वर्षं मला ते ऐकूच येत नव्हते. आधी उजवा कान गेला, मग डावाही मंद झाला. ठोके मोठ्याने ऐकवणारं यंत्र बंद पडलेलं. दुसरं मागता आलं असतं. पण नळकांडं असताना यंत्र कशाला, असं कुणी विचारलं आणि कान गेलाय हे कळलं तर? मग मी कान लावून थोडं थांबायचे आणि म्हणायचे, "ठोके चांगले आहेत." वर थट्टाही करायचे, "आईसारखंच बडबडं दिसतंय." बायका हसायच्या. मला काय ऐकू यायचं, सांगू? काहीच नाही. इतकं एकटं मला दुसरीकडे कुठे वाटलं नाही.

ज्योती आली ती कांदा काढणीच्या दिवसांत. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. "बाई, कालपासून काय हलत नाय हो," म्हणाली. "चांदवडला खाजगीत दाखवू का? तिथं ठोके मोठ्यानं ऐकवत्यात म्हणं."

खाजगीत! — मला झोंबलं ते. नळकांडं टेकवलं. नेहमीसारखंच काही ऐकू आलं नाही. जा, दाखवून ये — एवढंच तर म्हणायचं होतं ना? जीभ रेटली नाही. म्हणाले, "ठोके चांगले आहेत. झोपलंय ते. उगाच मशीनला भुलू नकोस." केवढी खूश होऊन गेली ती!

दोन दिवसांनी सासूच तिला चांदवडला घेऊन गेली. बाळ पोटातच गेलेलं होतं.

त्या दिवशी पाठवलं असतं तर वाचलं असतं? माहीत नाही. या 'माहीत नाही'च्या आडोशाला मी फार दिवस बसले. पण खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही — बघा, अजूनही टाळतेय.

मी तिला घरी भेटायला गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासू रडत म्हणाली, "बाई, तुम्ही तर चांगलं हाय म्हणल्या व्हत्या, मग झालं काय?" सगळं घर माझ्याकडे बघत होतं. आणि मी म्हणाले — ज्योतीला, त्या पडलेल्या पोरीला — "तरी तुला सांगितलं होतं, कांद्यात वाकू नको म्हणून."

मी तसं कधीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून निघून तिच्याकडे गेल्या. ज्योतीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, सांगितलं असेल बाईंनी, आपणच विसरलो.

मध्यंतरी ती द्वारका सर्कलला भेटली, शाळकरी मुलीला घेऊन. मुलीला माझ्या पाया पडायला लावलं. आता माझ्या कानात यंत्र आहे. रिक्षा, हॉर्न, सगळं ऐकू येतं. ज्योती हळूच म्हणाली, "ही पोटात व्हती तव्हा मी एकदाबी वाकले नाय, बाई. पयल्याला मीच खाल्लं."

त्या गर्दीतही मला शब्दन्शब्द ऐकू आला. मी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे आता. झालं ते झालं."

ज्योतीचे डोळे भरून आले. बाईंनी आपल्याला माफ केलं, असं तिला वाटलं.