दोन बोटांचा सौदा

दत्तू मास्तराला त्याच्या हायस्कूलच्या अध्यक्षांनी फसवलं, आणि तो सौदा माझ्या हातून झाला होता. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणाला साळसूद वाटणार नाही. महिन्यापूर्वी चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी एका व्यापाऱ्याशी माझं भांडण चाललं होतं. चिंचवडहून सायकलवर आलेल्या माणसानं सांगितलं, मास्तर सकाळी गेले. मी त्याच्यावरच हात उगारला... त्या बिचाऱ्याचा काय दोष?

आम्ही एका गावचे, सातवीपर्यंत एका बाकावरचे. पुढे मी बाजारात पोती उचलली, उचलता उचलता अडत्या झालो. दत्तू शिकला आणि चिंचवडच्या हायस्कुलात भूगोलाचा मास्तर झाला. त्याचा भूगोल भिंतीवरच्या नकाशात मावत नसे. दिवाळीनंतर आठवी ते अकरावीची तीस मुलं घेऊन तो गाडीनं मळवलीला उतरायचा. लोहगड, विसापूर, कधी पायी राजमाची. थेरगावची, माणची शेतकऱ्यांची पोरं ती. डोंगर म्हणजे गुरं चारायची जागा, एवढंच त्यांना ठाऊक. तिथं ती वारा बघून राहुटी ठोकायला, टाक्यातलं पाणी गाळून उकळायला, थकलेल्याचं ओझं न बोलता आपल्या पाठीवर घ्यायला शिकत. त्याच्याकडे काथ्याचा एक लांब दोर होता, त्याला तीस गाठी. अवघड चढणीला प्रत्येकानं आपली गाठ धरायची आणि वर पोचलं की आपला आकडा ओरडायचा. एका वर्षी बटाट्याचं पोतं घेऊन मीही गेलो होतो. माझं पोट बघून पोरं हसत होती. दत्तू म्हणाला, "राघू, सोळावी गाठ रिकामी हाय, ती तुझी. सुटली तर बाजारात तोंड दाखवू नको." वर पोचल्यावर मी "सोळा" असा ओरडलो, की तसा लिलावातही कधी ओरडलो नाही.

मग विसापूरच्या घळीत ते घडलं. शाळेच्या कमिटीतल्या एका सभासदाचा मुलगा खिळ्यांचे चामडी बूट घालून आला होता. दत्तूचा नियम कापडी बूट नाही तर अनवाणी. त्यानं बूट काढायला लावले. पोरानं उतरताना मागच्या मागे पुन्हा चढवले, आणि ओल्या दगडावरून घसरला. नडगी मोडली. दोन काठ्या आणि घोंगडीची डोली करून पोरांनी त्याला स्टेशनापर्यंत आणला. डोलीतून तो म्हणत होता, "सर, बाविसावी गाठ सुटली माझी."

कमिटी बसली. दत्तू घाबरला तो नोकरीसाठी नव्हे, सहली बंद होतील म्हणून. मी म्हणालो, हे माझ्यावर सोपव. अध्यक्षांचा कांदा वर्षानुवर्षं माझ्याच अडतीवर यायचा, त्यामुळे त्यांच्या घरी मला ताठ मानेनं बसता येत होतं.

"पोराच्या वडिलांना कागद हवाय," अध्यक्ष म्हणाले. "दुर्लक्ष झालं, एवढं मास्तरांनी लिहून द्यावं. मग सगळं शांत होईल."

"आन् सहली?"

"त्याचं बघू की."

'बघू' वर मी कधी माल सोडलेला नाही. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालून बोटं दाबतात, आणि हात सुटला की शब्द पक्का. त्यावर कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. मी उपरणं पुढे केलं. चार बोटं दाबली, वर्षाला चार सहली. त्यांनी एक दाबलं. मी उठलो. "बसा हो राघोबा, लगेच तापता," म्हणत ते हसले आणि त्यांनी दोन दाबली. सौदा झाला.

ओसरीवर दत्तू थांबला होता. म्हणाला, "मी लिहून देतोय, तर त्यांनीबी लिहून द्यावं की."

"येडा का काय? बोटं दाबलीत त्यांनी. तू भूगोल शिकव, येव्हार मला शिकवू नको."

त्यानं सही केली.

पुढच्या दिवाळीनंतर त्यानं सहलीचा अर्ज दिला. उत्तर आलं, ज्या शिक्षकानं दुर्लक्षाची लेखी कबुली दिली आहे, त्याच्या हाती मुलं सोपवता येत नाहीत. मी तडक अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "कसली बोटं? अहो, ही शिक्षणसंस्था आहे, कांद्याचा बाजार नव्हे." मी खुर्ची उचलली होती. शिपायानं मला बाहेर काढलं.

पुढची चार वर्षं दत्तू अर्ज देत राहिला. तेच उत्तर, तीच शाई. पोरं नकाशावर सह्याद्री बघून मॅट्रिक झाली आणि पिंपरीच्या नव्या कारखान्यात गेली. दोर त्याच्या खोलीत खुंटीवर होता. शेवटचा भेटलो तेव्हा तापानं त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. खुंटीवरच्या दोराकडे बघत म्हणाला, "राघू, एक इचारू? रागावू नको... दोन बोटं दाबली व्हती ना, खरंच?"

"व्हय."

"मग ठीक," म्हणाला आणि भिंतीकडे वळला. त्याला पटलं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

पवनेच्या घाटावर त्याचे चार जुने विद्यार्थी आले होते. चिता पेटल्यावर एक जण हळूच म्हणाला, "नऊ." दुसरा, "सतरा." तिसरा, "अकरा." मागून लंगडत एक तरुण पुढे आला. "बावीस." परतताना त्यानं माझा हात धरला. "काका, बूट मीच घातले होते. बाबांना तेव्हाच सांगितलं, अध्यक्षांसमोर सांगितलं. कुणी लिहून घेतलं नाही." मी सोळा म्हणायला हवं होतं.

दोर आता माझ्या अडतीवर टांगला आहे. हमाल विचारतात, शेठ, पोती बांधायला घेऊ का? मी शिव्या देतो. दोर मजबूत आहे, पण धरणारा हात एकही नाही, आणि पुढे कुणी येईल असंही मला वाटत नाही. अध्यक्ष, तुमचा कांदा यंदाही बाजारात येईल. त्या गाडीबरोबर तुम्ही स्वतः या. या दोराखाली उभे राहा, भरल्या बाजारात उजवा हात वर करा आणि सांगा, त्या दिवशी उपरण्याखाली तुम्ही किती बोटं दाबली होती?