मी म्हणजे कोण

वाळवंटातल्या येरुहाम गावी आमच्या शाळेत ग्रंथालय सांभाळायला लिआमावशी होती. सख्खी नव्हे, आम्हा मराठी ज्यूंमध्ये आईच्या वयाच्या सगळ्या बाया मावश्याच. चौलजवळच्या खेड्यातून मुंबई, मुंबईतून थेट इथलं वाळवंट, मग बारा वर्षं कारखान्यात, आणि मग पुस्तकं. हिब्रू वाचायला तिला वेळ लागे, म्हणून नवीन पुस्तकाचं ती फक्त शेवटचं पान वाची. वांड पोरांच्या कादंबऱ्या बऱ्याच येत. शेवटच्या पानावर पोराला कुणी दुसरी संधी दिली असेल, तर पुस्तक खालच्या फळीवर. नसेल, तर शिडीशिवाय हात पोचणार नाही अशा फळीवर.

"पोरगा सुदरला नाय, मंग कशाला लिवतात?" असं तिचं समीक्षण.

सत्त्याण्णव साली मी पंधरा वर्षांचा होतो आणि स्वतःला भयंकर समजत होतो. माझी गुन्हेगारी म्हणजे दोनदा शाळेची भिंत ओलांडणं आणि एकदा गणिताच्या बाईंच्या खुर्चीला च्युइंगम. तरी मुख्याध्यापक हिलेलने बजावलं होतं, "निव, आणखी एक तक्रार आली की तू उत्तरेकडच्या वसतिगृहात." तिथे पहाटे पाचला उठवतात, असं ऐकून होतो. मला तर आठलाही उठवणं कठीण.

त्यानंतर आठवड्याभरात ग्रंथालयातलं आग विझवायचं लाल नळकांडं खरंच चालतं का, अशी मला शास्त्रीय शंका आली. वर्गातली गिली बघत होती, हे एक कारण असेल. ते चाललं. कादंबऱ्यांचं अख्खं कपाट पांढरं झालं. गिली खोकत निघून गेली, आणि माझ्या बुटांचे पांढरे ठसे कपाटापासून वर्गातल्या माझ्या बाकापर्यंत शिस्तीत गेले.

हिलेलच्या खोलीत मी मान खाली घालून उभा. हिलेल हिब्रूत तेच तेच विचारत होता, "कुणी केलं?" मी बुटांवरची पांढरी पूड बघत होतो. शेवटी लिआमावशी हळूच मराठीत म्हणाली, "कोनी केलं रे, पोऱ्या?"

आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलावंसं वाटलं. म्हणालो, "मी."

आता हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण'. हिलेल लाल झाला. "मी याला विचारतोय कोण, आणि हा उलट मलाच विचारतो, कोण?" त्याने वसतिगृहाचा फॉर्म पुढे ओढला.

"थांब," मावशी हिब्रूत म्हणाली. "आमच्या भाषेत 'मी' म्हणजे हा स्वतः. पोराने कबूल केलं."

"लिआ, तू त्याला वाचवतेयस."

मावशी वादात पडली नाही. दार उघडून तिने फाटकावर पहारा करणाऱ्या मराठी बेंजामिनभाऊंना हाक मारली. ते आले. मावशीने मराठीत विचारलं, "बेंजामिनभाऊ, चाय कोन घेनार?"

"मी," भाऊ तत्काळ म्हणाले. आणि कप शोधू लागले.

'कोण' विचारणारा माणूस कप शोधत नाही, हे हिलेलने ओळखलं. मग हसला. मीही हसलो, पण तेवढ्यात लक्षात आलं, की आपला गुन्हा आता दोन भाषांत आणि साक्षीदारासह सिद्ध झालाय.

"कबूल केलंय, तर एक चान्स दे," मावशी म्हणाली. "कपाट हाच पुसेल."

हिलेलने फॉर्म खणात टाकला. मी तीन महिने एकेक पुस्तक ओल्या फडक्याने पुसलं. पुसता पुसता वाचलं. त्यामुळे तीन महिन्यांचे सहा झाले.

दहा वर्षांनी मीही एक तसलीच कादंबरी लिहिली. तिच्यातल्या नायकाकडे सुरा आणि मोटारसायकल. त्याला सुधारणारा एक धिप्पाड मुष्टियुद्धाचा मास्तर. पहिली प्रत घेऊन मावशीच्या घरी गेलो. ती आता निवृत्त होती, चष्मा जाड झाला होता. सवयीप्रमाणे तिने शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवून सावकाश वाचलं.

"मोटारसायकल? तुझी तर सायकल बी पंचर असायची."

"कादंबरी आहे, मावशी."

"आनि हा पयलवान कोन, चान्स देनारा?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "तू."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी?"

कुठल्या भाषेत विचारलं, ते मला कळलं नाही.