जावेची इंग्रजी पाटी

धरमतरच्या खाडीत मी मांडीपर्यंत चिखलात रुतले होते, भरती चढत होती, आणि बांधावर माझी धाकटी जाऊ पिशवीतून पाटी काढत होती.

"लिहितेस काय गो? ओढ मला!"

"लिहीत नाय, जाऊबाय. ‘नॅरो एस्केप’ राहिलाय, म्हणजे थोडक्यात वाचणं. पण तुमी अजून वाचलाव कुठं?"

खरेपणाचं इतकं वेड असलेली बाई सबंध रायगड जिल्ह्यात दुसरी नसेल. आम्ही दोघी चौथी शिकलेल्या. साठी उलटल्यावर तिने नातीच्या पुस्तकावरून इंग्रजी गिरवायला घेतलं. पुस्तकाच्या शेवटी ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणून शब्दांचे जोड दिलेले. नात बसल्या बैठकीला सगळी वाक्यं ठोकायची. जाऊ मात्र गोष्ट घडल्याशिवाय वाक्य लिहायची नाही. ‘ॲट द लास्ट मिनिट’साठी तिने मला रोह्याच्या स्टेशनाबाहेर चहा पाजत बसवलं आणि शिट्टी झाल्यावर पळवलं. गाडी मिळाली, वाक्य बरोबर आलं, माझी एक चप्पल फलाटावर राहिली. ‘फेस टू फेस’साठी ती अष्टमी गावच्या पुलावर विहिणीसमोर जाऊन उभी राहिली. दोघींचा कित्येक वर्षं अबोला होता. विहीण रडायला लागली, तर ही म्हणते, "थांबा, आधी लिहून घेते."

मला हे खुपायचं. चार इंग्रजी शब्द मलाही येत होते आणि कोणी विचारत नव्हतं. त्या दिवशी आम्ही तिच्या माहेरी, खाडीकाठच्या गावात, हळदीला निघालो होतो. बांध लांबून वळसा घेत होता, मांडव समोरच दिसत होता. मी ऐटीत म्हटलं, "शॉर्टकट मारू."

"खाडीचा चिखल हाय, जाऊबाय."

"भाताच्या चिखलात जन्म गेला माझा. चिखल मला शिकवतेस?"

भाताच्या चिखलाला तळ असतो. खाडीतल्याला नसतो, हे मला लगेच कळलं.

तिने नेसती साडी फेडून टोक माझ्याकडे फेकलं आणि परकरावर बसून बैलासारखी ओढत राहिली. "आडव्या व्हा! पाय झाडू नका! मेलाव तर माझं वाक्य जाईल!" मी म्हशीसारखी बाहेर आले. तिने आधी वाक्य लिहिलं, मग साडी नेसली. हळदीच्या मांडवात नवरीकडे कोणी बघेना, सगळे माझ्याकडेच.

गेल्या वर्षी ती पेणच्या दवाखान्यात होती. डॉक्टर आमच्याशी फारसं बोलेनासे झाले होते. मी घरून पाटी नेली, तिच्या हातात पेन्सिल दिली.

"लिही गो, नॅरो एस्केप. या खेपेला तुझं नाव घाल."

तिने पेन्सिल माझ्या तळहातावर परत ठेवली. "खोटं नाय लिहायचं, जाऊबाय."

पाटी कोरीच घरी आणली.

त्या दिवशी चिखलात रुतले ती मी. आज जिवंत आहे तीही मीच.