ओढून धरलेला रॉड

ब्रह्मपुरीत मला लोक दोन कारणांनी ओळखतात. एक, माझं गॅरेज. दुसरं, माझ्या थापा. जिवतीच्या चढावर ब्रेक फेल झालेली जीप मी शिट्टी वाजवून थांबवली होती, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाच ती शिट्टी ऐकू येते. भुताखेतांच्या गोष्टी मात्र मी कधी सांगितल्या नाहीत. त्या सांगायला थोडा तरी विश्वास लागतो, आणि माझा विश्वास पान्यावर. नट फिरला तर फिरला, नाही फिरला तर गंज. तिसरं काही नसतं... असं मी छातीठोक सांगायचो.

दोन हजार सालानंतरची, श्रावण लागायच्या आसपासची गोष्ट. गावातल्या एका डॉक्टरांनी नागपूरहून जुनी, परदेशी बनावटीची, उंच चाकांची पेट्रोल गाडी घेतली होती. आठवड्याभरात ती माझ्या दारात. तक्रार अशी की हळू असताना गाडी ओढत नाही, मेल्या बैलासारखी चालते, जोरात पळवली की मात्र वारा. आणि समोर इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला. नागपूरच्या दोस्ताकडून स्कॅनर मागवला. तो म्हणाला, इनटेक मॅनिफोल्डच्या रनर कंट्रोलमध्ये दोष.

आता हे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. इंजिनला हवा देणारा भाग हाताच्या पंजासारखा असतो, प्रत्येक सिलिंडरला एक बोट. या गाडीत प्रत्येक बोटात हवेला दोन वाटा होत्या, एक लांब, एक आखूड. गाडी हळू असली की आखूड वाटेवरचं झापड बंद, हवा लांबून येते आणि इंजिन दमानं ओढतं. वेग वाढला की झापडं उघडतात. चारही झापडं एका दांडीवर, दांडीला बाहेरून एक रॉड, रॉडच्या टोकाला रबरी पडद्याची डबी. इंजिन एका बारीक पाइपातून डबीतली हवा ओढून घेतं, त्यानं रॉड आत ओढला जातो, झापडं बंद. ओढ सुटली की स्प्रिंग रॉडला बाहेर फेकते, झापडं उघडी. बस, एवढंच.

डबी धड आहे का हे पाहायला पंप असतो. माझ्याकडे नव्हता. मी पाइप तोंडात धरून ओढला आणि टोक जिभेनं बंद केलं. रॉड आत गेला आणि तिथंच राहिला. जीभ सुटायला पाऊण तास लागला... बरं, दोन मिनिटं. म्हणजे डबी धड. मग इंजिनकडून येणारा पाइप पाहिला, तर उंदरानं कुरतडलेला. ओढच पोचत नव्हती, म्हणून झापडं कायम उघडी. नवा पाइप टाकला, दिवा विझला.

आणि इथं आम्हा मेकॅनिक लोकांची एक खोड सांगावी लागेल. गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्त झाली की ‘ट्रायल’ घ्यावी लागते. ट्रायल चौकापर्यंत असते, तशी सासुरवाडीपर्यंतही असते. माझी ती ट्रायल भामरागडपर्यंत होती.

कारण शोभा. माझी धाकटी बहीण. तिचा नवरा भामरागडच्या पुढं आश्रमशाळेवर मास्तर. तिला आठवा लागलेला, पाय सुजलेले. त्या सकाळी मास्तरचा बूथवरून फोन आला होता. “दादा, नर्सबाई म्हणते, बीपी लय वाढून राह्यलं. आत्ताच शहरात न्या. दोन दिवस उघाड हाये, मंग पुन्हा पाणी लागलं तं रस्ता बंद. बस तं येऊनच नाई राह्यली.”

डॉक्टरांना म्हटलं, साहेब, गाडीला लांबची ट्रायल लागते, इंजिन तापल्यावर दिवा पुन्हा येतो का पाहतो. ते म्हणाले, पाहा. मी पाहायला निघालो.

मुक्काम आश्रमशाळेवर केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच शोभाला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. मास्तरला शाळा सोडता येईना. सोबत लालसूभाऊ निघाले, शाळेत स्वयंपाक करणारे म्हातारे माडिया आदिवासी, वाटेतल्या त्यांच्या गावाला उतरायचं होतं. आभाळ पुन्हा भरून आलेलं. पुढं एक नाला, त्यावर बुटका रपटा, म्हणजे पुलाऐवजी नुसती दगडी फरशी, आणि रपट्यावरून पाणी जायला लागायच्या आत आम्हाला पलीकडं व्हायचं होतं.

नाल्याच्या अलीकडं वळणावर, रस्त्याच्या कडेला वाळक्या फांद्यांचा ढीग दिसला. लालसूभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“थांबव भाऊ. पान टाकाले लागते.”

“भाऊ, पाणी चढून राह्यलं. परत येताना टाका.”

“टाकाले लागते,” ते तेवढंच पुन्हा म्हणाले.

मी थांबलो नाही. गाडी दाबली. आणि ढीग मागं जातो न जातो तोच पिवळा दिवा लागला. इंजिनचे फेरे तीन हजाराच्या वर जाईनात. किती दाबा, तिथंच कोंडल्यासारखं घुमायचं.

उतरलो, बॉनेट उघडलं. रॉड आत ओढलेला, म्हणजे झापडं बंद अडकलेली. सोपं होतं. इंजिन बंद केलं, पाइप काढला. ओढ संपली, स्प्रिंगनं रॉड बाहेर फेकायला हवा होता. रॉड हलला नाही. बोटानं ढकलला. नाही. पक्कड लावली, दोन्ही हातांनी जोर केला. हा रॉड पेन्सिलीएवढा जाड, मी ट्रकचे नट हातानं सोडवणारा माणूस... आणि खरं सांगतो, तो अडकलाय असं वाटत नव्हतं. अडकलेली वस्तू दगडासारखी लागते. हा थोडा यायचा आणि पुन्हा आत जायचा. पलीकडून कोणी धरून ठेवावा तसा.

“दादा, काय झालं?” शोभा काच खाली करून विचारत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “होत नाई काय?”

“होते, होते. तू बस.”

मी टायरचा लांब पाना काढला. तरफ लावून तोडायचाच म्हटलं, झापडं उघडली की इंजिन पळेल, नाला एका दमात मारू. पाना लावणार तेवढ्यात लालसूभाऊंनी माझं मनगट धरलं.

“ओढू नको. तिले धरू दे.”

“कोणाले?”

त्यांनी ढिगाकडं पाहिलं. “बाई होती. दिवस भरलेले. खाटेवर घेऊन निघालो होतो दवाखान्यात. नाल्याले पाणी. इथीच उतरवली, इथीच गेली.”

“तुमची कोण होती?”

“सून.”

मी पाना खाली ठेवला. कडेच्या मोईच्या झाडाची एक फांदी मोडली, मागं जाऊन ढिगावर ठेवली. शोभानंही गाडीतूनच हात बाहेर काढला, तिनं हात लावलेली एक फांदी लालसूभाऊंनी नेऊन ठेवली. मला वाटलं, आता रॉड सुटेल. नाही सुटला. तसाच आत. पाइप लोंबत होता, त्याचं तोंड मी चिंधीनं बांधलं आणि गाडी चालू केली.

रपट्यावर पाणी आलेलं होतं, चाकांच्या मध्यापर्यंत. पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या चालीनं उतरलो. मागं शोभा दोन्ही हातांनी पोट धरून बसलेली. इंजिन मात्र दमानं, सारखं ओढत होतं. कुठं हिसका नाही, कुठं दम तुटला नाही. मध्यावर पाण्यानं गाडी एकदा कडेला सरकवली, तेव्हा शोभा फक्त “दादा” म्हणाली. पलीकडं चढून वळून पाहिलं, तर रपट्याचे दगड दिसेनासे झाले होते.

लालसूभाऊ त्यांच्या गावाला उतरले. पुढचे दोनशेहून जास्त किलोमीटर मी तीन हजाराच्या आत चालवले. दिवा जळत होता. ब्रह्मपुरीत दवाखान्याच्या दारात उभे राहिलो तेव्हा ऊन कलतं होतं. इंजिन बंद केलं. नर्स आल्या, शोभाला धरून उतरवलं. तिनं पायरीवर पाय ठेवला, आणि बॉनेटखालून ‘टक्’ असा आवाज आला.

मी बॉनेट उघडलं. रॉड बाहेर. एका बोटानं ढकलला, आत गेला. सोडला, बाहेर आला. लोण्यासारखा.

दुसऱ्या दिवशी माझे उस्ताद करीमचाचा यांना बोलावून आणलं आणि मॅनिफोल्ड उतरवलं. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पाइप सापडला म्हणून मी आत पाहिलंच नव्हतं. चाचांनी टॉर्च मारली आणि हात वर केला, म्हणजे कोणी हलू नका.

“वसंता, इधर देख. बोट लावू नको.”

तिसऱ्या सिलिंडरच्या झापडाचा एक स्क्रू गायबच होता, कधीचा कोण जाणे. दुसरा अर्ध्या आट्यावर लटकत होता. झापड बंद असलं की त्याचं डोकं भिंतीला टेकून राही. उघडलं की थेट खाली भोक, आणि भोकाखाली इंजिन. चाचांनी रॉड आत दाबून झापड बंद केलं आणि मग हळूच उघड्या बाजूला सोडलं. तो स्क्रू पडला. त्यांनी खाली तळहात धरलेला होता.

“नाल्यात हे उघडलं असतं तं?” मी विचारलं.

“इंजिन जाम. तिथंच.” चाचांनी मूठ मिटली. “पन बंद राह्यलं कसं? ना कार्बन आहे, ना दांडी वाकली. ओढ नव्हती म्हनतोस. बंद राहायचं काही कामच नाई.”

मी डॉक्टरांना सगळं कबूल केलं, भामरागडसकट. शिव्या खाल्ल्या, त्या माझ्या हक्काच्या होत्या. नंतर दोन कंपनीवाल्या मिस्त्रींना विचारलं, एका इंजिनिअरला विचारलं. कोणी उष्णता म्हणालं, कोणी धूळ म्हणालं. पण उष्णतेला पक्कड लावली की ती मागं ओढत नाही. मला आजही उत्तर माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा, मी ऐकून घेईन.

थंडीत रस्ता सुकल्यावर मी मुद्दाम तिकडं गेलो. लालसूभाऊ मला घेऊन त्या वळणावर आले. त्यांना स्क्रूची गोष्ट सांगितली, अर्ध्या आट्याची. त्यांना तिचं काही विशेष वाटलं नाही.

“लेकरू?” त्यांनी विचारलं.

“पोरगी झाली. चांगली आहे.”

“अन् माय?”

“मायपण चांगली आहे.”

 ते ढिगाकडं वळले आणि माडियात हळू आवाजात काही सांगितलं, घरातल्या माणसाला निरोप द्यावा तसं. मला माडिया येत नाही.