ताईचं गाणं आणि ॲम्पचा ठक्क

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंची पोटं फाडून मी घरीच गिटारचा ॲम्प बनवला, तेव्हा त्याचा आवाज ऐकून मीच माझ्यावर खूश होतो. एक तार छेडली तरी खोली भरायची. खोड एकच होती. गाण्यातल्या मधल्या तुकड्याला गिटारचा आवाज वर काढायचा स्विच दाबला, की स्पीकरमधून ठक्क! मांजर पलंगाखाली आणि माझी ताई सुराबाहेर.

ताई आजवर कोरसमध्येच गायलेली. यंदा जयंतीला बुद्धविहारापुढच्या स्टेजवर ती पहिल्यांदा एकटी गाणार होती आणि साथीला मी. सरावात त्या ठक्कनं ती अशी दचकली, की पुढं प्रत्येक वेळी अख्खं गाणं खांदे कानाला लावून गायली. शेवटी तिनं सांगूनच टाकलं, "हे पाय, स्टेजवर तुह्या डब्ब्यानं ठक्क केलं ना, तं मी माईक ठेवून सीधी घरी जाईन. मंग कधीच नाई गाणार." ताई बोलते तसं करते. माझं धाबं दणाणलं.

कार्यक्रमाच्या दुपारी मी ॲम्प उघडला. दुखणं साधं होतं. स्विच बंद असताना आतला वीज साठवणारा एक कपॅसिटर उपाशी राहायचा आणि चालू होताच वीज एका घासात गिळायचा. तोच ठक्क. उपाय असा, की स्विचच्या दोन टोकांत वीज अडवणारा एक दणकट रझिस्टर जोडायचा. त्यातून वीज थोडीथोडी झिरपत राहते, म्हणजे स्वारी आधीच जेवलेली असते. जोडला, देवाचं नाव न घेता हात जोडले आणि स्विच दाबला.

धडाम!

मी रझिस्टर उपटला, स्विचही उपटला, दोघांनाही नको नको ते बोललो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काऊन रे, चांगलं केलेलं उकरून राह्यला?"

"आवाज ऐकला नाई का तू?"

"खाणीतली ब्लास्टिंग होती ना ते. रोजच्या टायमालेच झाली."

बोलताना तिचा हात फळीवरच्या डब्यांना टेकलेला होता. घुग्घुससारख्या खाणीच्या गावात राहून राहून सुरुंग कोणाच्या कानापर्यंत पोचतच नाही, हात मात्र आपोआप डबे धरायला जातो. त्या दुपारी मी कान लावून बसलो होतो, म्हणून तो मला इतक्या वर्षांनी ऐकू आला. कपाळावर हात मारून मी सगळं पुन्हा जोडलं, तर लाइट गेली. ॲम्प न तपासताच स्टेजवर नेला, जनरेटरवर.

ताईनं पहिलं कडवं कसंबसं म्हटलं. मधला तुकडा आला तसे तिनं डोळे घट्ट मिटले. मी स्विच दाबला. नुसती गिटार वर आली, बाकी काही नाही. तिनं आधी एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं, मग दुसरा. खांदे खाली आले आणि पुढचं कडवं तिनं असं उचललं, की माझीच बोटं चुकली. न भिता गाणारी ताई मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, आणि भर स्टेजवर मला रडू आलं.