उजव्या स्पीकरमधला माणूस

सकाळच्या तिरप्या उन्हात स्पीकरच्या कापडावरची धूळ थरथरत होती. खर्जातला सूर आला की ती जराशी उठायची आणि पुन्हा बसायची. जुन्या अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांच्या एका चौकडीतला हा खर्जवाला परवा गेला. पेपरात दोन ओळी होत्या, त्यातही ‘साथीचा गायक’. मला रागच आला.

आमच्या लहानपणी घरातला डावा स्पीकर बिघडलेला होता. या चौकडीच्या रेकॉर्डवर मुख्य गायक नेमका डावीकडून गायचा, म्हणजे आमच्या घरी तो गायचाच नाही. उजवीकडून यायची ती या माणसाची गुणगुण, रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तशी. हेच गाणं, असं आम्ही धरून चाललो होतो. बाबा दाढी करताना तेच गुणगुणायचे.

पुढे ताईच्या घरी नव्या सेटवर ती रेकॉर्ड लावली, तेव्हा एक उंच, गोड आवाज आत शिरला. ताई वैतागून म्हणाली, “अगं, हा कोण मध्येमध्ये करतोय?”

जगासाठी मागच्या रांगेत उभा राहिलेला माणूस समुद्रापलीकडच्या एका घरात वर्षानुवर्षं एकटाच गात होता. त्याला हे कुणी कळवलंच नाही.

मी उठले, डाव्या स्पीकरची वायर काढली, सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली. ताईला फोन लावून तो स्पीकरजवळ धरला.

ताई म्हणाली, “हां, आता लागलं गाणं.”