दोन हातांचा निरोप

कुस्त्यांच्या हँडबिलावर कुशाबा शेलारचे वय एकेचाळीस छापले होते. गिरणीच्या दाखल्यावर ते अठ्ठेचाळीस होते, आणि दाखला करतानाही त्याने दोन वर्षे चोरली होती, असे त्याची बायको शेवंती म्हणे.

कुशाबा शिराळ्याकडून विसाव्या वर्षी मुंबईत आला तो कुस्तीच्या जोरावर. गिरणीने त्याला साळखात्यात, मागांवर, नावापुरते काम दिले आणि डिलाईल रोडच्या तालमीने माती दिली. पहिल्या बारा वर्षांत तो दोनदा हरला. गेल्या सहा वर्षांत तो दोनदा जिंकला. तरीही ठेकेदार तिकिटाच्या मैदानावर त्याला बोलावीत, त्याला कारण होते. चढत्या पोराला मोठे करायचे तर नावाचा पैलवान पाडलेला दाखवावा लागतो, आणि कुशाबाचे नाव होते.

१९६०च्या फेब्रुवारीत अशाच एका पोराने त्याला उचलून टाकले. तो मानेवर पडला. तीन दिवस त्याला उजव्या हाताने भाकरी मोडता आली नाही. परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी मान तपासली, बोटांना टाचणी टोचली आणि सांगितले, "मणका दबलाय. पुन्हा मानेवर पडलात तर हातपाय जातील. कुस्ती बंद."

संध्याकाळी शेजाऱ्यांनी विचारल्यावर कुशाबा म्हणाला, "डागदर म्हणला, जरा जपा."

"मी तितंच हुती उभी," शेवंती म्हणाली. "असं म्हणला व्हय त्यो?"

"डागदर काय तालमीतला हाय का?"

यात उर्मटपणा नव्हता. त्या तालमीची रीतच तशी होती. तिथे कोणी आपणहून कुस्ती सोडत नसे. मैदानावर जाण्याआधी वस्ताद पैलवानाच्या पाठीवर एक हात मारीत; ती थाप म्हणजे जा, लढ. पैलवानाचे दिवस भरले की वस्ताद त्याच्या दोन्ही खांद्यांवर दोन्ही हात ठेवून त्याला दाबून खाली बसवीत. तो बसला की संपले. मग त्याने लंगोट मारुतीपुढे ठेवायचा आणि पुढे तालमीत मानाने यायचे, पोरांना डाव सांगायचे. जो असा न बसता गेला, तो पळाला. रामजी नावाचा त्याच्याच जोडीचा पैलवान अडतिसाव्या वर्षी पळाला होता. दहा वर्षे झाली, हनुमान जयंतीला तालमीत त्याच्या हातावर प्रसाद पडला नव्हता.

बसवणारे वस्ताद एकच, अप्पा. ते प्रभादेवीला मुलाकडे राहत. आदल्या गणपतीत त्यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवे अंग गेले. दुसरा वस्ताद अप्पांनी नेमलेला नव्हता, आणि ते असताना तो नेमण्याची गोष्ट काढायला कोणी धजत नव्हते.

मेमध्ये महाराष्ट्र राज्य झाले. पाच वर्षे मोर्चे काढलेल्या लालबाग-परळला आनंद कुठे ठेवावा असे झाले होते. दुसऱ्या रविवारी परळच्या मैदानावर कुस्त्या ठरल्या, आणि हँडबिलावर कुशाबाची जोड गंगाधर नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराशी लागली.

शेवंती एकटीच प्रभादेवीला गेली. अप्पांची सून दुर्गा तांदूळ निवडत होती. अप्पा खुर्चीत बसलेले होते.

"कळतं का त्यांना?" शेवंतीने विचारले.

"सगळं कळतं. मामंजींना फक्त सांगता येत नाही."

शेवंतीने अप्पांच्या पायाशी बसून डॉक्टरांचे म्हणणे शब्दाला शब्द सांगितले. "वस्ताद, त्यास्नी बसवा. मी शुक्रवारी घिऊन येती. बोलायचं काय न्हाई तुमी. निसतं बसवा."

अप्पांनी डोळे मिटले आणि उघडले. शेवंती समाधानाने परतली. अप्पांना बोलता येत नाही, एवढीच अडचण तिच्या मनात होती, आणि बसवायला बोलावे लागत नव्हते. हात दोन लागतात, हे तिच्या ध्यानात आले नाही. दुर्गा रोज सासऱ्यांना भरवत होती, पण तालमीची रीत तिला ठाऊक नव्हती.

शुक्रवारी कुशाबा तिच्याबरोबर थाप घ्यायला आला. नारळ ठेवला आणि अप्पांच्या पायांवर वाकला. अप्पांचा डावा हात वर आला, थरथरत त्याच्या खांद्यावर टेकला. उजवा मांडीवर होता. अप्पांचा चेहरा लाल झाला, कपाळाला घाम आला. उजव्या हाताची बोटे तेवढी हलल्यासारखी झाली. कुशाबा वाकलेलाच राहिला. नमस्काराला लागतो त्याहून बराच वेळ तो तसा राहिला. शेवटी अप्पांचा डावा हात दमून खांद्यावरून घसरला आणि त्याच्या पाठीवर आपटला.

कुशाबा उठला. "थाप दिली वस्तादांनी," तो म्हणाला.

रस्त्यावर येईपर्यंत शेवंतीने दम धरला. "अवं, त्यांस्नी दुसरा हात ठिवायचा हुता."

"ठिवला का?"

"कसा ठिवतील? मेलाय त्यो हात."

"मग न्हाई ठिवला."

ही गोष्ट शनिवारपर्यंत डिलाईल रोडभर झाली. चहाच्या दुकानात रामजीने त्याला गाठले. "काय रे कुशा, वस्तादांचा एक हात यमानं धरून ठेवलाय, तो तुझ्या खांद्यावर कुठून येणार?"

"तू बोलू नगंस. तू पळालेला."

"पळालो म्हणून मान वळते माझी. ही बघ." रामजीने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. दुकान हसले. कुशाबाही हसला, पण रामजीकडे बघायला त्याला बाकड्यावर सगळे अंग फिरवावे लागले.

रविवारी मैदान भरले होते. कर्ण्यावरून नव्या राज्याचा जयजयकार चालला होता आणि मधूनमधून जोड्या पुकारल्या जात होत्या. गंगाधरने मातीत उतरल्यावर कुशाबाच्या पायांना हात लावला आणि हळूच म्हणाला, "मामा, बेतानं घेतो."

"बेतानं घेतलंस तर थोबाड फोडीन."

गंगाधरने बेतानेच घेतले. त्याला दोनदा कुशाबाला उचलून टाकता आले असते. दोन्ही वेळा त्याने पकड सोडली. लोक ओरडू लागले, तसे सातव्या मिनिटाला त्याने वाकून पाय धरला आणि कुशाबाला पाठीवर निजवले. मान मातीला लागली नाही. तरीही उठताना कुशाबाच्या उजव्या मुठीत माती धरवेना. पंचांनी दोघांना फेटे बांधले. ठेकेदाराने तिथेच विचारले, "दसऱ्याला कोल्हापूरचा एक पोरगा येतोय. जोड धरू का?"

"धरा," कुशाबा म्हणाला.

घरी त्याने दार डाव्या हाताने लोटले. शेवंतीने ते पाहिले. दसऱ्याचे तिने त्याच्याच तोंडून ऐकले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हरून आल्यावर वस्तादांच्या पाया पडायचं असतंय न्हवं? चला."

तो फेटा घेऊन गेला. अप्पा त्याच खुर्चीत होते. कुशाबा वाकला. अप्पांनी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. शेवंती खुर्चीच्या बाजूला उभी होती. तिने अप्पांच्या मांडीवरचा उजवा हात दोन्ही हातांनी उचलला. तो जड होता. तिने तो नवऱ्याच्या दुसऱ्या खांद्यावर ठेवला आणि वरून दाबून धरला.

अप्पांनी मान हलवली. हो म्हणून हलवली, असे दुर्गा नंतर शेजाऱ्यांना सांगत असे.

कुशाबाचे गुडघे थोडे वाकले. मग तो ताठ झाला.

"बसा की वो," शेवंती म्हणाली. "दोन हात हायेत. मोजा."

"यातला एक तुजा हाय."

"वस्तादांचा हाय!"

"ठिवला तू."

"त्यांच्या डोळ्यांकडं बगा तरी."

त्याने बघितले नाही. खांद्यावरचा तो उजवा हात तिच्या हाताखालून काढून त्याने अप्पांच्या मांडीवर परत ठेवला, बोटे सरळ केली, वर पंचा नीट केला. हे सगळे त्याने डाव्या हाताने केले. उजव्याने त्याला ते जमले नसते.

"येतो वस्ताद," तो म्हणाला, आणि थापेसाठी पाठ पुढे केली.